बर्कलीच्या टेकडीवरची घरं आणि आमच्या घराची कौलं

(या भागाचं लिखित रूप. बोलताना येणारे ‘म्हणजे’ आणि ‘अ‍ॅक्च्युअली’ थोडे कमी केलेत, बाकी जवळपास बोललो तसंच आहे.)

एरवी मी इथे कोड, इंटरव्ह्यू, व्हिसा असल्या गोष्टींवर बोलतो. आज घरांवर बोलणार आहे. आधीच सांगून ठेवतो, मी आर्किटेक्ट नाही. बीटेक, कॉम्प्युटरवाला. पण गेल्या महिन्यात बर्कलीला एक वॉकिंग टूर केली, आणि त्या तीन तासांमुळे आमच्या घरातलं वर्षभराचं भांडण थोडं पुढे सरकलं. म्हणून हा भाग.

तर आधी भांडण.

आमचं घर मालवण तालुक्यात. जांभ्याच्या चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, पुढे पडवी, पडवीपुढे खळं. आजोबांनी बांधलेलं. वासे आणि रिपा आता वाळवीने खाल्ल्यात. दरवर्षी पावसाआधी घर शाकारायला माणूस मिळत नाही, आणि मिळाला तरी त्याच्या मागेमागे माकडं येतात आणि कौलं फोडून जातात. बाबांनी ठरवलं की कौलं काढायची आणि स्लॅब घालायचा. एकदाच काय तो खर्च.

आणि मी, सॅन होजेत वन बेडरूमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये बसून, म्हटलं की कौलांना हात लावायचा नाही. फोटो पाठवले, व्हिडिओ पाठवले, ‘पारंपरिक वास्तुकला’ वगैरे मोठे शब्द वापरले. बाबा गप्प राहायचे. शेवटी एकदा आईने फोन घेतला आणि म्हणाली, “तू वर्साक आठ दिवस येतंस. तुका कौलां दिसतत, आमका गळती दिसता.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण हट्ट होताच. अशा मनःस्थितीत मी त्या टूरला गेलो. खरं सांगायचं तर मला माझ्या बाजूने मुद्दे गोळा करायचे होते.

टूर सुरू

बेरियेसावरून बार्ट पकडली की थेट डाउनटाउन बर्कली येतं. तिथून चालत युनिव्हर्सिटीच्या नॉर्थ गेटला. आमची गाइड सत्तरीच्या पुढची एक बाई होती, निवृत्त शिक्षिका. हातात काठी, डोक्यावर मोठी हॅट, आणि चढावर आमच्यापेक्षा जास्त दम. तिने सुरुवातीलाच सांगितलं, “इथे लोक राहतात. बघायचं ते रस्त्यावरून बघा आणि आवाज कमी ठेवा.”

पहिला थांबा नॉर्थ गेट हॉल. १९०६ सालची इमारत, जॉन गॅलन हॉवर्ड यांनी आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांसाठी बांधलेली. बाहेरून बघितली तर एवढ्या मोठ्या युनिव्हर्सिटीची वाटतच नाही. बुटकी, तपकिरी, आणि अंगभर लाकडाचे छोटे छोटे पातळ तुकडे एकावर एक बसवलेले, माशाच्या खवल्यांसारखे. त्यांना शिंगल म्हणतात. इथे ते रेडवूडचे, आणि रंग न देता तसेच ठेवलेले. ऊनपावसात लाकूड आपोआप काळपट तपकिरी होतं.

गाइड म्हणाली, हा या टेकडीचा मूळ पोशाख. नीट बघून घ्या, कारण पुढे तो फारसा दिसणार नाही. तेव्हा मला तिच्या बोलण्याचा अर्थ कळला नाही.

तिथून चढ चढून हायलँड प्लेस. १८९५ साली इथे चार्ल्स कीलर नावाच्या एका कवी आणि पक्षी-अभ्यासकाने बर्नार्ड मेबेक या आर्किटेक्टकडून घर बांधून घेतलं. मेबेक यांचं हे अगदी सुरुवातीचं काम. कीलरना ते इतकं आवडलं की त्यांनी मित्रांनाही शेजारी तशीच घरं बांधायला लावली. १८९८ साली इथल्या बायकांनी पुढाकार घेऊन हिलसाइड क्लब काढला, कीलर त्यातले मोठे कार्यकर्ते झाले. क्लबचं म्हणणं असं की टेकडी कापून सरळ रस्ते करू नका, रस्त्याला टेकडीच्या वळणाने जाऊ द्या. झाडं तोडू नका. घर लाकडाचं असू द्या, आणि लाकडाला लाकडासारखं दिसू द्या. १९०४ मध्ये कीलरनी यावर ‘द सिंपल होम’ नावाचं छोटं पुस्तकही लिहिलं.

मला तर आनंदच झाला. म्हटलं हेच तर मी बाबांना सांगतोय! स्थानिक सामान, स्थानिक पद्धत, साधं घर. मोबाइलमध्ये नोट्स काढायला लागलो.

मग गाइडने विचारलं, “हे स्थानिक कुठून आलं?”

आम्ही गप्प. तिनेच सांगितलं. मेबेक न्यूयॉर्कचे. शिकले पॅरिसला, एकोल दे बोझार्मध्ये. वडील लाकडावर कोरीवकाम करणारे. त्यांच्या घरांचे पुढे आलेले मोठे छज्जे आणि उघडे दिसणारे वासे यांत स्वित्झर्लंडच्या डोंगरातली शॅले घरं आहेत, मध्ययुगीन युरोपातलं लाकूडकाम आहे, आणि जपानी सुतारकामही आहे. यातलं बर्कलीचं म्हणायचं तर रेडवूड, उतार आणि हवा. या तीन गोष्टींना बाकीचं जुळवून घेतलं, म्हणून ते इथलं झालं.

तेव्हा मला आमची कौलं आठवली. मंगलोरी कौल ही आपण कोकणची अगदी जुनी ओळख मानतो ना? मंगळूरला त्या कौलांचा पहिला कारखाना निघाला १८६५ साली. काढला बासेल मिशनने, म्हणजे स्वित्झर्लंडमधल्या बासेल शहराच्या ख्रिस्ती मिशनने. त्याआधी आपल्याकडे कुंभाराच्या हातची नळीची कौलं होती, आणि गरिबाच्या घरावर गवत किंवा माडाची झापं. म्हणजे बर्कलीच्या ‘अस्सल’ घराचं एक मूळ स्वित्झर्लंडात, आणि आमच्या ‘अस्सल’ कौलाचंही एक मूळ तिथेच. मी रस्त्यात एकटाच हसत होतो. बाजूच्या माणसाने जरा लांब उभं राहणं पसंत केलं.

आग

आता टूरचा तो भाग, ज्याने माझे मुद्दे बिघडवले.

कीलरच्या घरावर आज शिंगल नाहीत. प्लास्टर आहे. ज्या माणसाने साध्या लाकडी घराचं पुस्तक लिहिलं, त्याच्या घराला प्लास्टर का?

१७ सप्टेंबर १९२३. बर्कलीच्या मागे वाइल्डकॅट कॅनियन आहे, तिथे गवताला आग लागली. इथे उन्हाळा कोरडा असतो. पाऊस थंडीत येतो आणि वर्षाला सहाशे मिलिमीटरच्या आसपासच पडतो. त्यामुळे सप्टेंबरपर्यंत टेकड्या वाळून सोनेरी झालेल्या असतात. त्यात ईशान्येकडून गरम, कोरडा वारा येतो. त्या दिवशी तो आला. आग टेकडीवरून खाली वस्तीत उतरली, आणि छपरांवरचे शिंगल जळत जळत उडून पुढच्या छपरांवर पडू लागले. म्हणजे पेटती कौलं हवेतून येतायत असं समजा. काही तासांत सहाशेच्या आसपास घरं गेली. संध्याकाळी वारा फिरला, समुद्राकडून दमट हवा आली, म्हणून युनिव्हर्सिटी आणि खालचं गाव वाचलं.

हिलसाइड क्लबची मेबेक यांनी बांधलेली इमारत जळली. मेबेक यांचं स्वतःचं घर जळलं. तेव्हा ते ६१ वर्षांचे होते.

गाइड इथे थांबली आणि म्हणाली, “ज्या गोष्टीने ही घरं सुंदर केली, तिनेच ती जाळली.” लाकूड स्थानिक होतं हे खरं. पण आगसुद्धा तितकीच स्थानिक होती. क्लबच्या लोकांनी निसर्ग बघितला तो झाडं, उतार आणि समुद्राचा देखावा यांच्यात. ईशान्येचा वारा हाही इथलाच निसर्ग आहे, हे हिशोबात धरलं नाही.

मला आईचं वाक्य आठवलं. कौलं आणि गळती.

गोणपाटाचं घर

आम्ही ला लोमा अ‍ॅव्हेन्यूवर आलो. इथे मेबेक यांचंच १९०७ सालचं एक घर आहे, आणि ते पूर्ण वेगळं. काँक्रीटचं. मालक होते अँड्र्यू लॉसन, भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक. सॅन अँड्रियास फॉल्टला ते नाव यांनीच दिलं, आणि १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्को भूकंपाचा मोठा अभ्यास यांच्याच नेतृत्वाखाली झाला. भूकंप आणि त्यानंतरची आग बघितलेल्या माणसाने दुसऱ्याच वर्षी घर बांधायला काढलं आणि सळया घातलेलं काँक्रीट निवडलं. या टेकडीतून हेवर्ड फॉल्ट जातो. खाली काय आहे हे त्यांना आपल्या कुणाहीपेक्षा जास्त माहीत होतं.

बघा, आर्किटेक्ट तोच, टेकडी तीच, काळही जवळपास तोच. पण घर लाकडाचं नाही. मग हे घर ‘स्थानिक’ नाही का? मला तर ते जास्त स्थानिक वाटलं. त्याने जमिनीच्या खालचंसुद्धा विचारात घेतलंय.

थोडं पुढे ब्युएना व्हिस्टा वे. आगीनंतर १९२४ साली मेबेक यांनी इथे स्वतःसाठी एक छोटं घर बांधलं, त्याला ‘सॅक हाउस’ म्हणतात. सॅक म्हणजे पोतं. हलकं, फेसाळ काँक्रीट बनवण्याची एक पद्धत तेव्हा नवीन निघाली होती, त्याला ‘बबल स्टोन’ म्हणायचे. मेबेक यांनी गोणपाटाचे तुकडे त्या काँक्रीटच्या पातळ मिश्रणात बुडवले आणि ओले असतानाच भिंतीच्या सांगाड्यावर एकावर एक लावले. शिंगल लावतात तसेच. वाळल्यावर भिंत जळत नाही, वजनाला हलकी, आणि दिसायला पुन्हा तेच खवले.

त्या भिंतीसमोर मी बराच वेळ उभा होतो. साठी ओलांडलेला माणूस, ज्याने तीस वर्षं लाकडी घरांचा प्रचार केला, त्याचं घर जळतं. तो ‘परंपरा, परंपरा’ करत पुन्हा शिंगल लावत नाही, आणि चिडून साधा चौकोनी डबाही बांधत नाही. तो विचारतो की शिंगल माझ्यासाठी काय काय करत होते? पाणी खाली सोडत होते, भिंतीला एक पोत देत होते, टेकडीच्या रंगात मिसळत होते. मग हीच कामं न जळणाऱ्या सामानात कशी करता येतील?

आमच्या धंद्यात याला साधी भाषा आहे. जुन्या कोडमध्ये एखादी विचित्र ओळ दिसली तर ती लगेच उडवू नये, आणि देवासारखी पूजूही नये. ती कुठल्या अडचणीसाठी टाकली होती ते शोधावं. अडचण अजून आहे का बघावं. असेल तर ती सोडवणारं काहीतरी नव्या कोडमध्ये हवंच. ओळ तीच असली पाहिजे असं नाही. हे मी ज्युनिअर मुलांना दर आठवड्याला सांगतो. घराच्या बाबतीत मात्र मी ती ओळच धरून बसलो होतो.

आणि मग मॉडर्न घरं

ब्युएना व्हिस्टावरून वळलं की ग्रीनवुड कॉमन. मधे मोकळी हिरवळ, समोर पश्चिमेला थेट खाडी, आणि भोवताली मोजकी घरं, बहुतेक १९५०च्या दशकातली. ही जागा घडवली विल्यम वुर्स्टर यांनी. ते तेव्हा बर्कलीत आर्किटेक्चरचे डीन होते. हिरवळीची आखणी लॉरेन्स हॅलप्रिन यांची. घरं वेगवेगळ्या आर्किटेक्टची: जोसेफ एशेरिक, हार्वेल हॅमिल्टन हॅरिस, जॉन फंक वगैरे. बुटकी, लाकडी, रस्त्याकडे जवळजवळ पाठ केलेली आणि हिरवळीकडे मोठ्या काचा.

पण त्यातलं एक घर डोनाल्ड ओल्सेन यांचं, आणि ते उलट. सरळ रेषा, सपाट छप्पर, युरोपीय मॉडर्निझमच्या थेट वळणाचं. ओल्सेन हार्वर्डला ग्रोपियस यांच्याकडे शिकलेले. वुर्स्टर यांचा स्वतःचा कल तसा नव्हता, तरी त्यांनी त्या घराला जागा दिली. मला हे फार आवडलं.

हा वाद तेव्हा गाजत होता. १९४७ मध्ये लुइस ममफर्ड यांनी ‘न्यू यॉर्कर’मध्ये लिहिलं की खाडीच्या परिसरात, मेबेकपासून वुर्स्टरपर्यंत, आधुनिक घरांची एक वेगळी पद्धत आहे. जगभर सारखेच पांढरे डबे बांधण्यापेक्षा जागेशी आणि माणसाशी जमवून घेणारी. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टला हे इतकं झोंबलं की फेब्रुवारी १९४८ मध्ये त्यांनी यावर जाहीर चर्चा ठेवली. तिथे या घरांची टरही उडवली गेली, म्हणे ही तर कॉटेजेस.

योगायोग बघा, ग्रोपियस यांच्याकडेच हार्वर्डला आमच्या तालुक्यातला एक माणूस शिकला. अच्युत कानविंदे, आचऱ्याचे. मुंबईत जे.जे.ला शिकून गेले आणि परत येऊन भारतातल्या आधुनिक वास्तुकलेचं एक मोठं नाव झाले. म्हणजे ‘जगाचं घ्यायचं की गावाचं ठेवायचं’ हा प्रश्न आमच्याकडेही चांगलाच जुना आहे.

वुर्स्टर यांचं ज्याने नाव झालं ते घर इथे नाही, सांताक्रूझच्या डोंगरात आहे. ग्रेगरी फार्महाउस, १९२८. गाइडने आम्हाला त्याचा फोटो दाखवला. इंग्रजी एल आकाराचं साधं लाकडी घर, मधे अंगण, कोपऱ्यात पाण्याची टाकी असलेला मनोरा. आणि गंमत म्हणजे आत कॉरिडॉर नाही. एका खोलीतून दुसरीकडे जायचं तर बाहेरच्या छपराखालून, अंगणाच्या कडेने जायचं. मी पटकन मराठीतच म्हणालो, “अरे, ही तर पडवी!” सगळे माझ्याकडे बघायला लागले. मग मला पडवी समजावून सांगावी लागली. पाऊस भिंतीपर्यंत पोचू द्यायचा नाही, ऊन आत येऊ द्यायचं नाही, वाऱ्याला मात्र येऊ द्यायचं, आणि आल्यागेल्याला बसायला जागा ठेवायची. गाइडने विचारलं, “तुमच्याकडे पाऊस किती पडतो?” म्हटलं, तीन हजार मिलिमीटर, जवळजवळ सगळा चार महिन्यांत. ती काठीवर टेकून म्हणाली, “मग तुमच्या घराचं सगळं आर्किटेक्चर छपराच्या काठाशी असणार.”

एवढं बोलून ती पुढे चालू लागली. मी मात्र तिथेच अडकलो. कारण वर्षभर मी आणि बाबा छपरावर काय घालायचं यावर भांडत होतो, आणि छप्पर भिंतीच्या किती पुढे येणार हे कुणीच विचारलं नव्हतं. बाबांच्या प्लॅनमध्ये स्लॅब भिंतीला लागून दीड फुटावर संपत होता. पडवी नव्हतीच.

टूर रोज वॉकच्या पायऱ्यांवर संपली. उतारावरून जाणारी छोटी पायवाट, आखणी मेबेक यांची, १९१३ सालची. बाजूची घरं हेन्री गटरसन यांची, आगीनंतर उभी राहिलेली. निघताना गाइडने आठवण करून दिली की १९९१ मध्ये ओकलंड-बर्कलीच्या टेकड्यांवर पुन्हा आग आली, पंचवीस माणसं गेली आणि तीन हजारांच्या आसपास घरं. म्हणजे टेकडीचा प्रश्न एकदा सोडवून संपत नाही.

फोन

त्या रात्री, म्हणजे तिकडची सकाळ, मी घरी फोन केला. या वेळी फोटो पाठवले नाहीत. बाबांना विचारलं, “बाबा, तुम्हाला स्लॅब कशासाठी हवाय? एकेक सांगा, मी लिहून घेतो.”

बाबा आधी थांबले. मग सांगायला लागले ते अर्धा तास. माकडं. वाळवी. शाकारणी. रात्री पाऊस लागला की उठून गळतीखाली भांडी लावायची, आणि आता आईचे गुडघे दुखतात. स्वयंपाकघरात दिवसाही बल्ब लावावा लागतो. शेवटी म्हणाले, “मी पंचाहत्तरचो झालंय की छपरार कोण चढतलो? तू?”

हे त्यांनी वर्षभर सांगितलं नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं. मी फक्त कौलं वाचवत होतो.

मग मी त्यांना एकच प्रश्न विचारला. गावात ज्यांनी स्लॅब घातले, त्यांच्या स्लॅबवर आता काय आहे? बाबा हसले. तुम्ही कोकणातले असाल तर तुम्हालाही माहीत आहे. स्लॅबवर पत्र्याची शेड! स्लॅब गळतो, उन्हाळ्यात तापतो, म्हणून त्यावर पुन्हा उतरतं छप्पर. म्हणजे छपराचा पैसा दोनदा.

आता ठरलंय ते असं. कौलं जाणार. हो, जाणार. लोखंडी कैच्या, वर चांगला पत्रा, खाली सीलिंग आणि मधे वाऱ्याला वाट, म्हणजे ताप आणि पावसाचा आवाज दोन्ही कमी. चिऱ्याच्या भिंती राहणार. पडवी राहणार, उलट छप्पर पुढे आणखी तीन फूट येणार. स्वयंपाकघराला मोठी खिडकी पडणार, ती आईने स्वतः जागा दाखवलेली. चांगली निघतील तेवढी कौलं न्हाणीवर आणि विहिरीजवळच्या खोपीवर चढतील, हाताला पोचतील एवढ्या उंचीवर. गवंड्याने आकडा सांगितलाय, माझा वाटा मी पाठवतोय. काम दिवाळीनंतर सुरू.

मला वाईट वाटतं का? वाटतं. पहिल्या पावसात तापलेल्या कौलांचा वास येतो ना, तो आता येणार नाही. ते मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, “माका पण वाटता रे.” एवढंच. वर्षभरात पहिल्यांदा आम्ही दोघं एकाच बाजूला होतो.

तुमच्याही गावच्या घराबद्दल असं काही चालू असेल तर एक करून बघा. जे तिथे राहतात त्यांना विचारा की घर त्यांच्यासाठी काय करतं, आणि काय करत नाही. यादी लिहून काढा. आणि मला नक्की कळवा, विशेषतः कुणी पत्र्याखाली सीलिंग घातलं असेल तर त्याचा अनुभव सांगा. मला खरंच हवा आहे.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.